चुकीवाली मॅडम

माझी बायको दोनदा गेली. मरणानं नेली ती दुसऱ्या वेळी. पहिल्या वेळी भुरे मॅडमनं नेली, अन् तेही माझ्याच घरात, माझ्याच स्लॅबवर.

मॅडमची बदली झाली तेव्हा शाळेनं निरोपाचा कार्यक्रम ठेवला. घरमालक म्हणून मलाही बोलावलं, पहिल्या रांगेत बसवलं. हेडमास्तर म्हणाले, "काकाजी, दोन शब्द बोला." मी मान हलवली अन् बसून राहिलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा गळा भरून आला. गळा-बिळा काही नाही. राग आला होता. उठलो असतो तर सगळंच बोललो असतो. ते आता लिहून राहिलो. शिक्षण चौथीपर्यंत आहे, जसं येते तसं लिहितो.

मी चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणीत जमिनीखाली लाकडं लावायचो. वरचा दगड खाली बसू नये म्हणून टेकू द्यायचे, हा माझा धंदा. भंडारा जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी मी रिटायर झालो. कॉलनीतला क्वार्टर सोडला अन् बपेऱ्याला आपल्या गावी येऊन घर बांधलं. बाजूची खोली भाड्यानं द्यायची, हे देवकाचं म्हणणं. देवका म्हणजे माझी बायको. "दोघंच बसून एकमेकाचे तोंड किती पाहाचे जी?" म्हणाली. मला तिचं तोंड पाहायला काही तरास नव्हता. पण खोली दिली.

भुरे मॅडम भंडाऱ्याची. बाप पितळी भांड्यांच्या दुकानात होता, तिच्या बोलण्यातही तसाच टणटणाट. पस्तिशीची असेल, लग्न नाही. गावानं कारण शोधलं, सापडलं नाही तेव्हा बनवलं. शाळेत गणित शिकवायची. सामान म्हणाल तर एक लोखंडी पलंग, चार भांडी, अन् एक लॅपटॉप. तो तान्ह्या लेकरासारखा उराशी धरून ती ऑटोतून उतरली अन् पहिलाच प्रश्न विचारला, "काकाजी, नेटवर्क कुठं येते?"

आमच्या वस्तीत नेटवर्क जमिनीवर येतच नाही. मध्यप्रदेश एवढा जवळ आहे की मोबाईललाही समजत नाही आपण कोणाच्या राज्यात आहोत. स्लॅबवर पाण्याच्या टाकीच्या बाजूला तेवढं धरते. मी बोट वर केलं. तिथंच चुकलं म्हणा. शाळा सुटली की मॅडम वर, अन् देवका तिच्यासाठी चहा घेऊन वर. चहा द्यायला किती वेळ लागते? देवकाला सूर्य मावळेपर्यंत लागायचा.

मॅडम काय करायची ते मला देवकानंच समजावलं. आकडेमोडीचं एक सॉफ्टवेअर असते. त्यात मॅडम इंग्रजीत ओळी लिहायची, अन् त्याचं गणित होऊन पोरांच्या मोबाईलवर उगवायचं. पुस्तकातलं गणित एकच असते, एकानं सोडवलं की बाकीचे उतरवतात. हे तसं नव्हतं. पोरगं उघडेल तेव्हा आकडे नवे. शेजारच्याचं पाहून फायदा नाही. कुठं उत्तराचा डबा भरायचा, कुठं बोटानं रेघ सरकवायची की ती वर-खाली झुकायची. अन् चुकलं तर नुसतं चुकलं म्हणत नव्हतं, कुठं चुकलं ते सांगायचं. तीच मॅडमची सगळी कारागिरी. उत्तर पाहून यंत्रानं ओळखावं की लेकराच्या डोक्यात काय झालं.

बरोबर उत्तरात तिला काडीचा रस नव्हता. "बरोबर आलं? सोडा मग," म्हणायची अन् मुरमुरे तोंडात टाकायची. चूक दिसली की डोळे मोठे. "थांबा! पुसू नका! कसं काढलं ते सांगा आधी." हाती खोडरबर असलं तर हिसकावून घ्यायची. "उत्तर कोणीही देते, मले चूक आणून द्या," हे तिचं रोजचं. गावानं नाव ठेवलं चुकीवाली मॅडम. तिला समजलं तर म्हणाली, "बरोबर ठेवलं."

मुरमुरे अन् हिरवी मिरची, हे तिचं खाणं. डोकं चालत असलं की हात आपोआप पुडीत जायचा, अर्धे तोंडात, अर्धे लॅपटॉपवर. एक दिवस लॅपटॉपातून मुंग्या निघाल्या. रांगच लागली. मॅडम त्यांना म्हणे, "चला बाप्पा, बाहेर निघा, अजून तुमच्या वर्गाचं गणित बनवलं नाही." देवकानं कोंबडीचं पीस आणून एकेक बटण साफ केलं, असं हळू की जसं लेकराच्या कानातला मळ काढते. माझ्या चष्म्यावर बोटबोट धूळ होती. मी तो दोनदा तिच्यासमोर ठेवला, तिला दिसला नाही.

आता मॅडमला देवकाच काहून पाहिजे होती, ते सांगतो. मॅडमला चुकता येत नव्हतं. "काकू, मी मुद्दाम चुकते तर ती चूक खोटी वाटते," म्हणायची. वर्गातली पोरं आलं नाही तर डबा कोरा ठेवायची, मार्काचं भेव. देवका तिसरी शिकलेली, तिला परीक्षेचं भेव नाही, मार्काचं नाही. ती ठामपणे उत्तर सांगायची, अन् ठामपणे चुकायची. मॅडमला असं माणूस आयुष्यात भेटलं नव्हतं. तिनं देवकाच्या मोबाईलात ते सगळं टाकून दिलं.

मग काय विचारता. चुलीपुढं मोबाईल, कपडे वाळत घालताना मोबाईल. मी जेवायला बसलो की वरून आवाज, "अजी, भाजीकडे पाहा जरा!" मला भाजीतलं काय समजते? वांगे करपले. त्याचंही खापर माझ्यावर. पानठेल्यावर शेजारचा मोहन मोठ्यानं म्हणाला, "काय रामटेके, बायकोचं नाव शाळेत टाकलं म्हणते?"

"टाकलं," मी म्हणालो. "तुह्यंही टाक, दारू सुटन."

तो हसला, सगळे हसले. मला हसू आलं नाही.

एकदा बोडीचं गणित केलं मॅडमनं. बोडी म्हणजे आमच्याकडं शेतातला लहान तलाव. लांबी अमुक, रुंदी तमुक, पाणी किती, तर खोली किती. आकडे यंत्रानंच निवडायचे होते, पण कमीत कमी आकडा कोणता निवडायचा हे सांगायचं मॅडम विसरली. सकाळी वर्गात कोणाच्या बोडीची खोली उणे चार, कोणाच्या उणे नऊ. पोरं बाकावर हात आपटून हसली. मॅडम घरी आली तीही हसतच. देवकाला विचारते, "काकू, उणे खोलीची बोडी पाहिली का कधी?"

"पाहिली ना! सरकारी कामातली. खोदली म्हणून सांगतात, तिथं ढिगारा राहते."

मॅडम इतकी हसली की टाकीला धरून खाली बसली. मी खाली अंगणात होतो. माझ्यासोबत एवढी वर्षं काढली या बाईनं, अशी गंमत माझ्याशी एकदाही केली नाही. केली असती तर मी हसलो नसतो का?

दुसरी गोष्ट पहिल्या गणिताची. मॅडमनं अंगणात येऊन पेढे वाटले. म्हणे, पोरं सुधारली, आता रोज सकाळचं पहिलं गणित सगळ्यांचं बरोबर येते. आठ दिवस ती हवेत चालत होती. मग देवका भाकर थापता थापता सहज बोलली, "येईनच ना जी. सकाळी पहिलं तेच असते."

"तेच म्हणजे?"

"रोज तेच. तेच आकडे. दुसऱ्यापासून बदलते. मले वाटलं तुमीच मुद्दाम ठेवलं. आपली सकाळची वंदना नाही का, रोज तीच असते, मंग दिवसाचं काम वेगवेगळं."

मॅडमच्या मुठीतले मुरमुरे मुठीतच राहिले. सॉफ्टवेअर रोज नव्यानं सुरू केलं की त्याची आकड्यांची माळ पहिल्या मण्यापासूनच चालू व्हायची, माळ हलवून द्यायची ओळ तिनं लिहिलीच नव्हती. पोरांनी पहिलं उत्तर पाठ करून ठेवलं होतं. दुसरं कोणी असतं तर पोरांना झोडलं असतं. ही वर धावली, ओळ लिहिली, अन् खाली येऊन देवकाला म्हणाली, "काकू, वंदना बंद केली." देवकाला वाईट वाटलं. तिला ते पहिलं गणित आवडायचं. तर मॅडमनं फक्त तिच्या मोबाईलसाठी जुनंच ठेवलं. सगळ्या गावाला नवं, अन् देवकाला रोज सकाळी तिचं ओळखीचं गणित. सांगा, अशा बाईशी मी कसं लढायचं?

मी लढलो नाही असं नाही. एका संध्याकाळी जिना चढून वर गेलो, मधोमध बसलो अन् म्हणालो, "मले पण द्या एक."

दोघी एकमेकीकडं पाहायला लागल्या. मॅडमनं दिलं. लाकडाच्या खांबांचं होतं, मापाचं. तीस वर्षं मी तेच केलं. पटकन सांगितलं.

"बरोबर," मॅडम म्हणाली. मुरमुरे तोंडात टाकले अन् देवकाकडं वळली. "हं काकू, तुमचं काय झालं?"

मी म्हणालो, "अजून एक द्या." या वेळी मी जाणूनबुजून वाकडं उत्तर दिलं. मॅडमनं चष्मा वर केला, माझ्याकडं पाहिलं. "काकाजी, ही चूक खोटी आहे."

"खोटी कशी?"

"खरी चूक करणाऱ्याले आपण चुकलो हे माहीत नसते."

देवका पदर तोंडाला लावून हसत होती. मी उतरलो. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून बिडी पेटवली. त्या पायरीवरून वरचं सगळं ऐकू येते, हे मला त्याच दिवशी समजलं. मग मी तिथंच बसायला लागलो.

तिथंच एक दिवस ते ऐकलं. वाटणीचं गणित होतं. तीस पुऱ्या, पाच माणसं, सारख्या वाटल्या तर एकेकाला किती? देवका म्हणाली, पाच.

"पाच?" मॅडमचा आवाज बदलला. चूक सापडली की तसा बदलायचा. "थांबा. दुसरं पाहा. बेचाळीस लाडू, सहा लेकरं."

"सहा सहा."

आकडे बदलत होते, देवकाची चूक बदलत नव्हती. पाच माणसं असली की ती सहांत वाटायची, सहा असली की सातांत. मॅडमला घाई झाली. "काकू, एक माणूस जास्त कोणाचा मोजता?"

"मोजत नाही जी. एक वाटा झाकून ठेवते."

"कोणासाठी?"

"जो आला नाही त्याच्यासाठी. खाणीतून माणूस कवा वर येईन सांगता येते का? आधी त्याचा झाकाचा, मंग बाकीच्याइले वाढाचं. आधी वाढलं तर त्याले उरत नाही."

 खाली माझी बिडी विझली. चिखल्याला असताना मी दुसऱ्या पाळीवरून यायचो, सगळे जेवलेले असायचे, ताटलीखाली माझं झाकलेलं असायचं. मी खायचो. मला वाटायचं, उरलेलं खाऊन राहिलो. आयुष्यभर मी असंच समजलो, की या घरात मला उरलेलं मिळते. एक-दोनदा तसं बोललोही, अन् तिनं उत्तर दिलं नाही. ते उत्तर तिनं दिलं भुरे मॅडमला. माझी गोष्ट, माझा वाटा, अन् सांगितलं तिसऱ्याच बाईला!

मॅडमनं त्याच दिवशी ते यंत्रात घातलं. कोणी लेकरू देवकासारखं चुकलं की यंत्र त्याला म्हणायचं, 'एक वाटा झाकून ठेवला का? छान केलं. आता तोही वाटून पाहा.' देवकानं मला तो मोबाईल दाखवला. एवढी खुश. मी म्हणालो, "वाचता येते मले." अन् वाचलं नाही.

मग तिच्या छातीत पाणी झालं. भंडाऱ्याला दवाखान्यात ठेवलं. मॅडम दर रविवारी एसटीनं यायची, उशाशी बसायची, नवीन गणित दाखवायची. देवका दम लागत लागत चुकायची अन् मॅडम समोरच्या पलंगावरच्या बाईलाही सांगायची, "पाहा, किती सुंदर चूक आहे." मी खाली जाऊन चहा आणायचो. वर आलो की दोघींचं हसणं चालू असायचं, अन् मला पाहून थांबायचं. एकदा विचारलं, "काय झालं हसाले?" देवका म्हणाली, "तुमाले नाही समजनार, गणितातलं आहे." मी कप ठेवला अन् व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

देवका गेली. भिक्खूजी आले, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मी कोरडा बसलो होतो, अन् भुरे मॅडम अशी रडली की बाया आधी तिच्याकडं गेल्या. माझी मावसबहीण, माझी सख्खी मावसबहीण, तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. "उगी माय, उगी." मी तिथंच होतो. बायको माझी होती.

त्यानंतर मॅडम स्लॅबवर फार वेळ बसत नव्हती. चहा मी करत नव्हतो, तिनंही मागितला नाही. मग बदलीचा कागद आला, दूर, दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यात. निरोपाचा कार्यक्रम झाला, मी बोललो नाही ते वर लिहिलंच आहे.

जायच्या सकाळी मॅडम लॅपटॉप घेऊन माझ्या खाटेजवळ आली, खाली जमिनीवर बसली. "काकाजी, एक विचाराचं होतं. ही गणितं आता खूप शाळांमध्ये जाऊन राहिली. त्यात काकूंच्या चुका आहेत. नाव कुठं नाही. पण आहेत त्यांच्याच. तुम्ही नाही म्हणाल तर काढून टाकते."

एवढे दिवस मी याच प्रश्नाची वाट पाहत असल्यासारखा बोललो. "काढा."

"सगळ्या?"

"ते वाट्याचं काढा. ते माह्यं आहे."

मला वाटलं ती वाद घालेल. तिनं लॅपटॉप उघडला, ती ओळ दाखवली, बोट दाबलं. ओळ गेली. मग सवयीनं तिनं गणित उघडून पाहिलं. ती काहीही बदललं की चालवून पाहिल्याशिवाय उठत नव्हती. तीस पुऱ्या, पाच माणसं. तिनं डब्यात पाच भरले.

लाल अक्षरात आलं, 'उत्तर चूक आहे.'

एवढंच. मी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"हे कोणाले म्हणून राहिलं?"

"जो पाच लिहील त्याला."

"देवका पाच लिहे."

"हो."

"म्हणजे देवकाले चूक म्हणते हे? नुसतं चूक?" माझा आवाज वाढला. "तिनं काय चूक केली? कोणाच्या बापाचं खाल्लं? आपल्या ताटातलं कमी करून ठेवलं! लाल अक्षरात चूक म्हणते! काढा ते!"

"काकाजी, काहीतरी तर म्हणावंच लागते. लेकराले समजलं पाहिजे ना कुठं गेलं ते."

"मंग परत घाला."

"तेच घालू?"

"ते तुमचं होतं. तुमी छान केलं म्हणाले. तुमाले काय माहीत छान का काय? वाटा तुमी खाल्ला का? मी सांगतो ते लिहा."

मॅडमनं बोटं बटणावर ठेवली अन् थांबली. मलाच सुचेना. इतक्या वर्षांचं उत्तर द्यायचं होतं अन् समोर ही बाई बसलेली, जिच्याशिवाय ते पोचवायला दुसरं कोणी नाही. शेवटी म्हणालो, "लिहा. वाटा पोचला. जेवलो मी. आता जेवढे बसले तेवढ्यातच वाट."

तिनं लिहिलं. मग खालच्या मानेनंच म्हणाली, "'जेवलो मी' हे लेकराले कसं समजन काकाजी?"

"ज्याले समजाचं त्याले समजन. बाकीच्याले शेवटचं समजलं म्हणजे झालं."

तिनं पुन्हा डब्यात पाच भरले. माझं वाक्य आलं. लाल नाही, तिनं काळं ठेवलं होतं. तिनं मोठ्यानं वाचलं नाही, तेवढं बरं केलं.

एसटीचा हॉर्न वाजला. पलंग ती शाळेच्या शिपायाला देऊन चालली होती, त्यामुळे सामान एक पेटी अन् एक पिशवी. पेटी मी उचलली. म्हातारा आहे पण लाकडं वाहिलेला खांदा आहे. फाट्यावर ती पाया पडली. मी "सुखी राहा" म्हणालो, तेही तोंडातल्या तोंडात. तिला खिडकीची जागा मिळाली. निरोप द्यायला आलेल्या गावातल्या बाया हात हलवत होत्या, रडत होत्या. मॅडमनं बसल्या बसल्या लॅपटॉप मांडीवर उघडला. फाट्यावर थोडं नेटवर्क धरते, ते सुटायच्या आत तिला पुन्हा एकदा पाहायचं असेल नीट चालते का. गाडी निघाली तरी मान वर नाही. हात हलवायचंही भान नाही या बाईला.

मी गाडीकडं पाहत राहिलो. ती त्या पडद्याकडं पाहून हसली, तोंडाशी मूठ धरून, जशी स्लॅबवर हसायची. सोबत कोणी बसलेलं असावं तशी. अन् मी रस्त्यावर उभा. दोघी गेल्या, अन् या वेळीही काय झालं हसायला ते मला कोणी सांगितलं नाही.